कोंडवाड्यामागची शिळा: आमच्या ग्रामपंचायतीला आणि गावकऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
सरपंचताई, उपसरपंचभाऊ, ग्रामपंचायतीचे सर्व सदस्य,
आणि ग्रामसभा, म्हणजे आपण सगळे

जय हिंद.

सरपंचताई, हे पत्र आधी तुमच्याच हातात द्यायचं होतं. गेल्या सोमवारी ऑफिसात आलो तेव्हा तुम्ही तहसीलला गेला होता. ग्रामसेवक साहेब म्हणाले, "ठेवून जा काकाजी, आवक-जावकात नोंद करून घेतो." मी ठेवलं नाही. याआधीच्या माझ्या दोन अर्जांची त्या रजिस्टरात आवक झाली, जावक अजून व्हायची आहे. म्हणून म्हटलं, या वेळी सगळ्यांनाच वाचू द्यावं.

मला गाव ओळखतं, पण पत्र गावाबाहेरही जाईल म्हणून सांगतो. मी महार रेजिमेंटमधून हवालदार म्हणून रिटायर झालो. २२ वर्षं नोकरी केली, आता साडेपाच एकरात पराटी, म्हणजे कपाशी, आणि तूर लावतो. दर १५ ऑगस्टला आणि २६ जानेवारीला ग्रामपंचायत मला खुर्ची देते, शाल-नारळ देते. त्याबद्दल आभार. मी रागानं लिहीत नाही, हेही आधीच सांगतो, कारण मागच्या महिन्यापासून गावात "फौजी काकाजी बिघडले" अशी बोली चालू आहे.

झालं ते असं. १५ ऑगस्टच्या दोन दिवस आधी चावडीपुढे जेसीबी आला. नवा उंच ध्वजस्तंभ आणि त्याला लागून सेल्फी पॉइंट करायचा होता. गावाचं नाव मोठ्या रंगीत अक्षरात, आधी लाल बदाम, मागे तीन रंगांचे पंख. तिथं शिळा आडवी येत होती. जेसीबीनं ती उचलली आणि ऑफिसच्या मागे, कोंडवाड्याच्या भिंतीला टेकवून ठेवली. अक्षरांची बाजू भिंतीकडे. मुद्दाम कोणी केलं नसेल. ड्रायव्हरला वाचायची सवड नव्हती आणि वाच म्हणून सांगणारं तिथं कोणी उभं नव्हतं.

त्या शिळेवर काय लिहिलं आहे, हे आजच्या पोरांपैकी किती जणांना ठाऊक आहे, मी विचारून पाहिलं. सेल्फी पॉइंटवर उभ्या असलेल्या सात पोरांपैकी एकाला ठाऊक होतं, तेही त्याची आजी सांगायची म्हणून.

१९३० च्या १० जुलैला लोकनायक बापूजी अण्यांनी पुसदला जंगल सत्याग्रह केला. देशात मिठाचा सत्याग्रह चालू होता, पण समुद्र आपल्यापासून शेकडो कोस, मीठ कुठून करणार? तिकडे अकोल्याजवळ दहीहंड्याला खाऱ्या विहिरीच्या पाण्यातून मीठ काढलं. आपल्याकडे जंगल होतं आणि जंगलाचा कायदा होता. म्हणून राखीव रानात शिरायचं, विळ्यानं गवत कापायचं आणि पकडून घ्यायचं. त्याच पावसाळ्यात आपल्या गावचे तिघं विळे घेऊन रानात गेले. तिघांनाही तुरुंग झाला. परत आले तेव्हा एकाचा बैल विकला गेला होता आणि पेरणी कोणाचीच झाली नव्हती. शिळेवर तीन नावं आहेत ती यांची. तिसरं नाव माझ्या आज्याचं. आपल्या घरचं नाव आहे म्हणून बोलतो, असं कोणी म्हणालं तर खरंच आहे ते. पण पहिली दोन नावं ज्यांची, त्यांच्या घरचं आता गावात कोणी राहत नाही, त्यांच्या वतीनंही मलाच बोलावं लागणार.

शिळा बसवली १९७२ साली. स्वातंत्र्याला २५ वर्षं झाली म्हणून सरकारनं तालुक्याच्या ठिकाणी दगडी स्तंभ उभारले, एका अंगाला संविधानाची उद्देशिका, दुसऱ्या अंगाला स्वातंत्र्यसैनिकांची नावं. स्वातंत्र्यसैनिकांची पेन्शनही त्याच वर्षीची, आजा तोवर गेला होता. गावकऱ्यांनी ठरवलं, आपलीही एक शिळा हवी. ते दुष्काळाचं साल. लोक खडी फोडायच्या कामावर जात होते, तिथल्याच एका पाथरवटानं अक्षरं कोरली. मजुरी म्हणून त्यानं पायलीभर ज्वारी घेतली, असं माझे वडील सांगायचे. तिसऱ्या नावाला जागा पुरली नाही म्हणून त्याची शेवटची वेलांटी वरच्या ओळीत घुसली आहे. लहानपणी मी त्या वेलांटीतून बोट फिरवत बसायचो. मला लिहायला शाळेनं शिकवलं, पण आपलं आडनाव मी पहिल्यांदा वाचलं ते तिथं.

संविधानाच्या ५१ क कलमात नागरिकांची मूलभूत कर्तव्यं दिली आहेत. पहिलं कर्तव्य राष्ट्रध्वजाचा आणि राष्ट्रगीताचा आदर करण्याचं, ते आपल्याला पाठ आहे. त्याच्या लगेच खालचं दुसरं कर्तव्य असं की ज्या उदात्त आदर्शांनी स्वातंत्र्यलढ्याला स्फूर्ती दिली, त्यांची जोपासना करावी. आपण पहिल्यासाठी दुसरं उचलून कोंडवाड्यामागे ठेवलं.

आता झेंड्याचं बोलतो, आणि इथं आधी माझीच चूक सांगतो.

२०२२ साली घरोघरी तिरंगा लावायचं ठरलं तेव्हा मीही 25 रुपयांचा झेंडा आणला. एक नाही, तीन आणले. दोन उतरवून घडी करून ठेवले. तिसरा मागच्या टिनाच्या पत्र्यावर लावला होता, तो विसरलो. फवारणी, मग तुरीचं निंदण, मग वेचाईला बाया मिळेनात, त्या धावपळीत वर पाहिलंच नाही. दिवाळीत पत्रा झाडायला चढलो तेव्हा दिसला. केशरी रंग उडून फिका पडलेला, हिरव्या पट्टीच्या दोऱ्या निघालेल्या. २२ वर्षं ज्यानं संध्याकाळी झेंडा उतरताना सावधान उभं राहायचं काम केलं, त्याच्या घरावर ही गत. कोणाला सांगितलं नाही. लाज वाटली.

फाटलेल्या, विटलेल्या झेंड्याचं काय करायचं, हे ध्वजसंहितेत लिहिलं आहे: एकांतात, मान राखून, शक्यतो जाळून संपूर्ण नष्ट करायचा. पहाटे उठलो. आवारात मागच्या बाजूला चार विटा मांडल्या, धुतलेल्या तव्यावर झेंड्याची घडी ठेवली आणि काडी लावली.

खादी कशी जळते ते मी पाहिलेलं आहे. नीट पेट घेते, जळक्या सुताचा वास येतो, शेवटी मऊ राख उरते, ती तुळशीत टाकता येते. हा झेंडा जळला नाही. आक्रसला. काठ आत वळले, काळे थेंब गळायला लागले, अशोकचक्र आधी ताणलं गेलं आणि मग वितळून तव्याला चिकटलं. धूर असा की डोळे चुरचुरले. शेवटी उलथन्यानं खरवडून काढावं लागलं. सुपारीएवढा एक कडक काळा गोळा हातात आला. त्याला ना मातीत पुरता येत होतं, ना पाण्यात सोडता येत होतं. आज तीन वर्षं तो माझ्या ट्रंकेत, मेडलच्या डबीशेजारी आहे.

कायदा मला माहीत आहे. ३० डिसेंबर २०२१ पर्यंत झेंडा हातानं कातलेल्या, हातानं विणलेल्या कापडाचाच लागायचा. त्या दिवशी नियम बदलला, मशीनवरचं आणि पॉलिस्टरचं कापड चालू लागलं. जुलै २०२२ मध्ये घरावरचा झेंडा रात्रीही फडकवायची परवानगी मिळाली. म्हणजे तुम्ही वाटलेले झेंडे कायद्यानं बरोबर आहेत. माझी तक्रार पोलिसातली नाही, गावातली आहे. आपलं गाव कापसाचं. पाचवीत असताना शाळेत आम्ही टकळीवर सूत कातायचो. कापूस आमच्या वावरातला, पिंजून द्यायचे पिंजारी चाचा, पेळू करायच्या मोठ्या वर्गातल्या पोरी, आणि गुंड्या झाल्या की मास्तर त्या सायकलवर बांधून खादी भांडारात नेऊन द्यायचे. बदल्यात कापड मिळायचं. माझं सूत जाड यायचं, सारखं तुटायचं, मास्तर म्हणायचे याच्या सुताची दावी करा. शाळेचा झेंडा खादीचा, हेडमास्तरांच्या पेटीत डांबरगोळ्या घालून ठेवलेला. तो आदल्या दिवशी धुऊन, कोळशाच्या इस्त्रीनं इस्त्री करून आणायचं काम ज्याला मिळायचं, तो पोरगा आठवडाभर ऐटीत राहायचा.

त्या कापसाची आज काय किंमत आहे बघा. यंदा, २०२५-२६ च्या हंगामासाठी, लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये जाहीर झाला. १५ ऑगस्टला आपण झेंडे लावले आणि चारच दिवसांनी, १९ ऑगस्टला, पोळ्याच्या तोंडावर, बाहेरून येणाऱ्या कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क काढून टाकलं. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग थेट ३१ डिसेंबरपर्यंत. आपली पहिली वेचाई नेमकी त्याच काळात घरात येते. हे सरपंचताईंच्या हातात नाही, मला कळतं. पण कास्तकाराच्या दारावरचा झेंडा त्याच्याच बोंडाचा असावा, एवढं तर गावाच्या हातात आहे? नांदेडला आजही झेंड्याची खादी तयार होते. ग्रामपंचायतीला एक आणि शाळेला एक झेंडा आणायला किती लागतात? त्या लाल बदामाच्या लायटिंगपेक्षा कमी.

तिसरी गोष्ट लिहायला जड जाते, पण ती सोडली तर बाकीचं पत्र खोटं होईल.

१४ ऑगस्टला सकाळी मी पिंजारी चाचांकडे चहा पीत होतो. चाचा आता ऐंशीच्या घरात. पिंजण कधीच थांबली, आता गाद्या कोणी भरून घेत नाही. पण माझ्या लग्नातली गादी त्यांनी भरलेली, अजून टिकून आहे. चार पोरं मोबाईल घेऊन दारात आली. आपलीच पोरं, कोणाची ते मी लिहीत नाही, त्यांनाही कळेल आणि त्यांच्या आईबापांनाही. गल्लीतल्या चार-पाच घरांना झेंडे नव्हते, तिथं ती थांबली नव्हती. इथं थांबली. "चाचा, झेंडा कुठाय?" मोबाईल चालूच. चाचा गडबडीनं उठले, धोतर सावरत म्हणाले, "वल्ला झाला होता बापू, म्हून घरात वाळू घातला." आणि आत दोरीवरचा झेंडा दाखवायला गेले. रात्रीच्या पावसानं भिजला म्हणून त्या म्हाताऱ्यानं काढून आत आणला होता, चुलीपासून लांब, सावलीत वाळत घातला होता. माझ्या पत्र्यावर झेंडा दिवाळीपर्यंत विटला, माझ्या दाराशी कोणी मोबाईल घेऊन आलं नाही.

पोरं खजील झाली, हेही सांगतो. एक जण पाया पडला. पण चाचांचा हात कपबशी धरताना थरथरत होता, तो मी पाहिला.

फौजेत आमच्या प्रत्येक युनिटला सर्वधर्मस्थळ असायचं. एकाच छपराखाली सगळे देव, सगळ्यांची प्रार्थना, आणि कुठल्याही सणाला सगळ्या कंपनीनं हजर राहायचं. आमच्या रेजिमेंटच्या मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना २५ नोव्हेंबर १९८७ रोजी श्रीलंकेत वीरमरण आलं, त्यांना परमवीर चक्र मिळालं. नाव तमिळ, रेजिमेंटचं नाव महार, आणि घोष होता "बोलो हिंदुस्तान की जय". तुझा पुरावा दाखव, असं तिथं कोणी कोणाला म्हणत नसे, कारण रात्रीच्या पहाऱ्यात आपला जीव शेजारच्याच्या हातात असायचा. आपल्या गावातही तसंच चालायचं. चाचांनी पिंजलेल्या कापसाचं सूत कातून आम्ही पोरं लहानाची मोठी झालो. हे कधी बदललं, कोणत्या वर्षी, मला बोट ठेवून सांगता येत नाही.

आणि ग्रामसभा. १५ ऑगस्टची ग्रामसभा किती वेळ चालली? झेंडावंदन झालं, बुंदी वाटली, फोटो झाले. ("काकाजी, मधात उभे राहा, मेडल दिसले पाहिजे." मी राहिलो.) मग मंडपात सही-रजिस्टर फिरलं. कायद्यानं कोरम पाहिजे गावच्या मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 जण, यातला जो आकडा कमी असेल तो. सह्या पुऱ्या झाल्या असतील, पण बसलेली माणसं मी मोजली, 31 होती. त्यात बुंदीची वाट पाहणारी शाळेची पोरं धरलेली नाहीत. मागच्या सभेचं इतिवृत्त वाचलं गेलं नाही. आदल्या दिवशी व्हायची महिला सभा झालीच नाही. ध्वजस्तंभाचा आणि सेल्फी पॉइंटचा खर्च "मंजूर, मंजूर" म्हणत निघून गेला. काम तर आधीच झालं होतं.

तेवढ्यात बचत गटातल्या एका बाईनं उभं राहून विचारलं, "फवारनीचे हातमोजे अन् चष्मे कधी भेटतीन?" साधा प्रश्न. २०१७ साली आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त माणसं गेली. आजही आपली पोरं उघड्या अंगानं, तोंडाला गमछा बांधून पंप पाठीवर घेतात. तिचा नवराही घेतो. तिला मंचावरून उत्तर मिळालं, "ताई, आज स्वातंत्र्य दिन आहे, आज तक्रारी नको."

कोण बोललं ते मी लिहीत नाही. पण ते वाक्य मला महिनाभर झोपू देत नाही. ज्या तिघांची नावं शिळेवर आहेत, ते दुसरं काय करत होते? गवत आमच्या गुरांचं, जंगल तुमचं कसं, एवढीच त्यांची तक्रार होती. १९२३ साली नागपूरच्या झेंडा सत्याग्रहात वर्ध्याच्या जमनालाल बजाजांसारखी माणसं तुरुंगात गेली, ती झेंडा घेऊन रस्त्यानं चालू द्या एवढ्याच मागणीसाठी. आता झेंडा हातात आहे, रस्ता मोकळा आहे, आणि त्याच झेंड्याखाली एका बाईला बस म्हणून सांगितलं जातं. ती बसली. मीही गप्प बसलो, गळ्यात मेडल घालून. या पत्राला उशीर झाला तो त्या गप्प बसण्याची लाज जाईपर्यंतचा.

ताई, तुमच्याबद्दल माझ्या मनात किल्मिष नाही. नळयोजनेची पाइपलाइन वरच्या वस्तीपर्यंत तुम्ही नेली, त्यासाठी तालुक्याला किती खेटे घातले ते मला माहीत आहे. म्हणूनच तुमच्याकडे मागतो. मागण्या अशा आहेत:

शिळा परत चावडीपुढे बसवा, अक्षरं रस्त्याकडे करून. सेल्फी पॉइंट काढा असं मी म्हणत नाही, पोरांना आवडतो तर राहू द्या, पण शिळेच्या आड येऊ नये.

ग्रामपंचायत आणि शाळा, दोन्ही ठिकाणी २६ जानेवारीपासून खादीचा झेंडा लागावा. कोणाच्याही घरी झेंडा विकत घेण्याची सक्ती नको आणि कोणाच्याही दाराशी जाऊन झेंडा तपासणं नको. हे दुसरं ठरावात स्पष्ट शब्दांत यावं. पोरांना समजावायला मी येतो.

१६ ऑगस्टला आणि २७ जानेवारीला रस्त्यावरचे, नालीतले, पत्र्यावरचे झेंडे गोळा करायला शाळेत एक पेटी ठेवा. पॉलिस्टरच्या झेंड्यांचं पुढं काय करायचं, ते तहसीलला लेखी विचारा आणि आलेलं उत्तर फलकावर लावा. या उत्तराची मला स्वतःला गरज आहे, का ते वर आलंच आहे.

ग्रामसभेची दवंडी आठ दिवस आधी फिरू द्या. आधी महिला सभा, मग मागचं इतिवृत्त मोठ्यानं वाचून, मग खर्च, आणि खर्च काम होण्याआधी. हातमोजे आणि चष्म्यांचा विषय पहिल्या नंबरवर घ्या. यंदा २ ऑक्टोबरला गांधी जयंती आणि दसरा एकाच दिवशी आहेत. अर्धं गाव दीक्षाभूमीला जाईल, उरलेलं सोनं वाटत फिरेल. तेव्हा कोरम झाला नाही हे कारण आत्ताच लिहून ठेवू नका. त्या दिवशी जमत नसेल तर त्याच आठवड्यातली दुसरी तारीख आजच जाहीर करा.

एक माझ्या बाजूचं. शिळा परत बसेपर्यंत मी शाल-नारळ घेणार नाही आणि खुर्चीवर बसणार नाही. झेंडावंदनाला येईन, कडेला उभा राहीन, आणि संध्याकाळी झेंडा उतरवायचा असेल तर हाक मारा, त्या वेळी तिथं सहसा कोणी नसतं.

ग्रामसभेला येताना तो काळा गोळा कागदात बांधून आणणार आहे. टेबलावर ठेवीन, ज्याला पाहायचा त्यानं हातात घेऊन पाहावा.

शिळा उचलायला सहा माणसं लागतील. १९७२ साली आठ लागली होती, पण तेव्हा उपाशी माणसं होती. बैलगाडी माझी. परवा कोंडवाड्यामागे जाऊन तिच्याभोवतीचं गाजरगवत उपटून आलो आहे, दोर घालायला जागा झाली आहे.

आपला,
एक माजी हवालदार, कापसाचा कास्तकार
सप्टेंबर २०२५